हिडाल्गोचा फवारा: लिओनार्ड नॅडेलचे ब्रासेरो आणि त्यांची हरवलेली नावं

टेक्सासमधलं हिडाल्गो, साल 1956. मेक्सिकोतून पूल ओलांडून आलेले पुरुष रांगेत उभे आहेत, अंगावर कपडे नाहीत. तोंडाला मास्क बांधलेला एक कर्मचारी समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर डीडीटी मारतो आहे. मागचे आपली पाळी यायची वाट बघत आहेत. मास्क आहे तो फवारणाऱ्याला. ज्याच्या नाकातोंडात पावडर जाते आहे त्याला काही नाही.

हा फोटो लिओनार्ड नॅडेलचा. आज तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये, अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मेक्सिकोतून कंत्राटावर आलेल्या शेतमजुरांचा विषय निघाला की पाठ्यपुस्तकांत, व्याख्यानांत, लेखांत पुन्हा पुन्हा हाच फोटो दिसतो. पण या मजुरांना आणणारी योजना चालू ठेवावी की नाही, या ज्या वादासाठी तो काढला गेला, त्या वादाचा निकाल त्यानं लगेच काही फिरवला नाही. त्याचं खरं काम जवळपास पन्नास वर्षांनी सुरू झालं. असं का झालं आणि मधल्या काळात त्या फोटोत काय कमी होतं, हे समजून घेण्यासाठी हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं. स्थलांतरितांचे फोटो काढणाऱ्या कुणालाही यातून बरंच घेता येईल.

योजना काय होती

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले पुरुष सैन्यात आणि कारखान्यांत गेले, शेतात माणसं कमी पडू लागली. 4 ऑगस्ट 1942 रोजी अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात करार झाला आणि मेक्सिकन मजूर ठरावीक मुदतीच्या कंत्राटावर येऊ लागले. ‘ब्रासो’ म्हणजे दंड, हात. त्यावरून या मजुरांना ब्रासेरो म्हणत. युद्ध संपलं तरी योजना थांबली नाही. 1951 मध्ये ‘पब्लिक लॉ 78’ आला आणि तिला पक्का कायदेशीर आधार मिळाला. ती बंद झाली 31 डिसेंबर 1964 ला. या बावीस वर्षांत सुमारे 46 लाख कंत्राटं झाली. एकच माणूस अनेकदा यायचा, त्यामुळे माणसांची संख्या याहून बरीच कमी.

कागदावर योजना वाईट नव्हती. राहण्याची सोय, भागातल्या दराप्रमाणे मजुरी, कंत्राटाच्या किमान तीन चतुर्थांश दिवसांचं काम, जाण्यायेण्याचं भाडं, सगळं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात काम नसलेल्या दिवसांतही जेवणाचे पैसे कापले जात, आणि ही कपात दिवसाला पावणेदोन डॉलरपर्यंत जाऊ शकत होती. बायकोमुलांना आणायची परवानगी नव्हती. मालक बदलता येत नव्हता. तक्रार केली तर पुढच्या हंगामात नाव येणार नाही आणि घरी परत पाठवतील, ही भीती कायम. बऱ्याच जणांना कंत्राट वाचताही येत नव्हतं.

1956 हे या योजनेचं सर्वांत मोठं वर्ष. त्या एका वर्षात सुमारे 4 लाख 45 हजार कंत्राटं झाली. नॅडेल कॅमेरा घेऊन निघाला तो याच वर्षी.

आकडे गलार्साचे, डोळे नॅडेलचे

त्याच्या आधी अर्नेस्तो गलार्साबद्दल बोलायला हवं. मेक्सिकोच्या नायारित राज्यातल्या डोंगरगावात जन्मलेला, लहानपणी कॅलिफोर्नियात आलेला, शेतात राबून शिकलेला आणि पुढे डॉक्टरेट मिळवलेला हा माणूस शेतमजुरांच्या संघटनेचं काम करत होता. छावण्यांमध्ये फिरून त्यानं ब्रासेरोंच्या मुलाखती घेतल्या, त्यांची कंत्राटं आणि पगाराच्या चिठ्ठ्या तपासल्या आणि 1956 मध्ये ‘स्ट्रेंजर्स इन अवर फील्ड्स’ हा अहवाल काढला. बागायतदार आणि सरकारी अधिकारी दोघंही खवळले. श्रम खात्यानं त्याचं खंडन करायचा प्रयत्न केला. अहवालातलं एका ब्रासेरोचं वाक्य पुढे खूप गाजलं. त्याचा आशय असा, की या छावणीत आम्हाला नावं नाहीत, आम्हाला फक्त नंबरनं हाक मारतात.

हे वाक्य लक्षात ठेवा. नॅडेलच्या फोटोंची कथा त्याच्याभोवतीच फिरते.

नॅडेल न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढलेला, मध्य युरोपातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांचा मुलगा. युद्धानंतर तो लॉस एंजलिसला आला आणि तिथल्या गृहनिर्माण प्राधिकरणासाठी त्यानं झोपडपट्ट्यांचे आणि नव्या सरकारी वसाहतींचे फोटो काढले. गरिबांच्या घरात शिरून, त्यांना ओशाळं न करता फोटो काढायची सवय त्याला तिथं लागली, असं ते फोटो बघताना वाटतं. ब्रासेरोंच्या कामासाठी पैसा दिला ‘फंड फॉर द रिपब्लिक’नं. फोर्ड फाउंडेशननं नागरी हक्कांसाठी उभी केलेली ही संस्था. गलार्साच्या अहवालामागेही तिचंच पाठबळ होतं. म्हणजे हे फोटो तटस्थ पाहणीसाठी काढलेले नव्हते. योजनेवर टीका करणाऱ्यांच्या बाजूनं ते काढले गेले, आणि हे लपवायचं काही कारण नाही. बाजू घेतली म्हणून फोटो खोटा ठरत नाही. त्यात जे दिसतं ते घडत होतं की नाही, एवढंच तपासावं लागतं. आणि ते घडत होतं.

काय टिपलं

नॅडेलनं एक फार चांगली गोष्ट केली. तो फक्त शेतात गेला नाही. मेक्सिकोतल्या गावांपासून, भरती केंद्रांतून, सीमेवरच्या तपासणीतून, थेट कॅलिफोर्निया आणि टेक्सासच्या शेतांपर्यंत तो या वाटेवर राहिला. त्यामुळे त्याच्या संग्रहात एका मजुराचा पूर्ण प्रवास दिसतो, जरी प्रत्येक टप्प्यावरचा माणूस वेगळा असला तरी.

मॉन्तेरेच्या भरती केंद्रातला एक फोटो घ्या. अधिकारी समोरच्या माणसाचे हात धरून तळवे बघतो आहे. घट्टे असले तर तो खरा शेतकरी; हात मऊ निघाले तर शहरातला, कामाचा नाही, घरी जा. बैलबाजारात गिऱ्हाईक बैलाचा जबडा उघडून दात बघतं, तशी ही पाहणी. फरक असा की इथं ज्याला बघतात त्याला सगळं कळतं आहे. फोटोत नजर आपोआप हातांवर जाते, पण थोडं थांबून त्या माणसाचा चेहरा बघावा. परीक्षेचा निकाल ऐकायला थांबलेल्या माणसाची ती नजर आहे. हा हंगाम मिळाला नाही तर घरचं कर्ज फिटणार नाही, हे त्याला माहीत असणार.

मग हिडाल्गो. लस, एक्स-रे, बोटांचे ठसे, ओळखपत्रासाठी फोटो आणि तो फवारा. नॅडेलनं आपल्या टिपणीत लिहिलं की गुराढोरांना हाताळतात त्याच पद्धतीनं आणि त्याच भावनेनं या माणसांना शंभर-शंभरच्या घोळक्यानं फवारणीच्या खोपटातून नेतात. इथं मला एक प्रश्न कायम पडतो. सरकारी केंद्रात हा फोटो काढायला परवानगी कशी मिळाली? मला वाटतं, कारण तिथल्या कुणालाच त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं. डीडीटी तेव्हा चमत्कार मानलं जाई, आणि उवा-पिसवांविरुद्ध सैनिकांवर आणि निर्वासितांवरही ते मारलं गेलं होतं. अमेरिकेत त्यावर बंदी आली ती 1972 मध्ये. त्या अधिकाऱ्यांच्या लेखी हे रोजचं काम होतं. अशा फोटोचं मोल याच कारणानं वाढतं. लपवायला हवं असं कुणालाच वाटलं नाही, म्हणून ते जसंच्या तसं टिपलं गेलं.

शेतातल्या फोटोंत आखूड दांड्याची कुदळ दिसते. मजूर तिला ‘एल कोर्तितो’ म्हणत. दांडा जेमतेम फूट-दीड फुटाचा, त्यामुळे दिवसभर कमरेतून पूर्ण वाकूनच काम करावं लागे. बागायतदार सांगत की त्यानं लेट्यूसची विरळणी नीट होते. मजुरांना दुसरं कारण चांगलं ठाऊक होतं: कोण कंबर सरळ करायला उभा राहिला हे मुकादमाला लांबूनच दिसे. म्हातारपणी मोडलेल्या कमरा हा या अवजाराचा वारसा. कॅलिफोर्नियानं त्यावर बंदी घातली 1975 मध्ये, म्हणजे ब्रासेरो योजना संपून दशक उलटल्यावर. नॅडेलच्या चौकटीत वाकलेल्या पाठींची रांग दिसते, चेहरे मात्र दिसत नाहीत. काम टिपायचं तर ही चौकट योग्यच होती. माणूस टिपायचा तर तिच्यात काहीतरी राहून गेलं.

वॉटसनव्हिलच्या गोंडो छावणीतले फोटो मला सगळ्यांत जास्त आवडतात. बराकीतल्या खाटांच्या रांगा, खिळ्याला अडकवलेले कपडे, विश्रांती घेणारी माणसं. इथं कुणी त्यांना तपासत नाही, कुणी ओरडत नाही. राबणारे हात इथं परत माणसं होतात. फवाऱ्याच्या फोटोइतकी प्रसिद्धी या फोटोंना मिळाली नाही. वादात झटका देणारा फोटो पुढे येतो, हा नेहमीचाच अनुभव.

वादात काय झालं

काही फोटो त्या काळच्या नियतकालिकांत छापून आले. पण योजना चालूच राहिली. बागायतदारांचं वजन अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, जबरदस्त होतं, कायद्याला मुदतवाढ मिळत गेली. शेवटी ती बंद झाली त्याला अनेक कारणं होती: कामगार संघटनांचा दबाव, अमेरिकन मजुरांची मजुरी पडते हा आक्षेप, नागरी हक्कांच्या चळवळीनं बदललेली हवा, शेतीत आलेली यंत्रं. आणि 17 सप्टेंबर 1963 चा चुआलारचा अपघात.

सॅलिनास खोऱ्यात चुआलारजवळ ब्रासेरोंना घेऊन जाणारं वाहन रेल्वे फाटकावर मालगाडीखाली आलं. बस म्हणून वापरत होते तो मुळात उघडा ट्रक होता. वर छत टाकून आत बाकडी बसवलेली. 32 मजूर मेले. मृतांची ओळख पटवायलाही वेळ लागला. संसदेच्या समितीनं तपास सोपवला तो गलार्साकडेच. नंबरनं हाक मारतात हे वाक्य त्यानं सात वर्षांपूर्वी छापलं होतं. आता तेच प्रेतांच्या रांगेत समोर उभं राहिलं.

इथं नॅडेलच्या कामाची मर्यादा मला स्पष्ट दिसते. त्याच्या बहुतेक फोटोंखाली नाव नाही. ‘ब्रासेरो’, ‘मजूर’, ठिकाण आणि साल, एवढंच. ज्या यंत्रणेनं त्यांची नावं पुसली तिच्यावर टीका करणाऱ्या फोटोंतही ती माणसं निनावीच राहिली. नॅडेलला मी दोष देत नाही. एका केंद्रात दिवसाला शेकडो माणसं सरकत होती, आणि त्या काळच्या सामाजिक छायाचित्रणाची रीतच तशी होती. व्यक्तीपेक्षा परिस्थिती दाखवायची. पण त्यामुळे वाचकाला त्यांची दया आली, ओळख झाली नाही. आणि निव्वळ दयेवर कायदे फार वेळा बदलत नाहीत.

शेजारी मेक्सिको सिटीत ‘एर्मानोस मायो’ या छायाचित्रकारांच्या गटानंही ब्रासेरोंचे फोटो काढले. हे स्वतः स्पेनमधल्या यादवीनंतर परागंदा झालेले लोक. त्यांनी टिपली ती निघतानाची वेळ: भरतीसाठी जमलेली गर्दी, रेल्वेच्या खिडक्या, निरोप. ही माणसं घर सोडून येताहेत ही बाजू नॅडेलच्या फोटोंपेक्षा तिथं जास्त जाणवते. दोन्ही संग्रह शेजारी ठेवून पाहावेत असं मला वाटतं.

दुसरा फोटो

या प्रकरणात आणखी एका फोटोला मी नॅडेलच्या फोटोइतकंच महत्त्व देतो. तपासणीच्या रांगेत प्रत्येक ब्रासेरोचा ओळखपत्रासाठी फोटो काढला जात असे. त्या कार्डाला ते ‘मिका’ म्हणत. त्यात कला नाही, सहानुभूती नाही. सरळ समोरून काढलेला चेहरा. पण शेजारी नाव होतं.

सुरुवातीच्या वर्षांत ब्रासेरोंच्या मजुरीतून 10 टक्के रक्कम बचत म्हणून कापली जात होती. मायदेशी परतल्यावर ती मिळणार होती. अमेरिकन बँकेतून मेक्सिकोच्या बँकांकडे गेलेले हे पैसे असंख्य मजुरांना कधी मिळालेच नाहीत. अनेकांना तर असं काही कापलं जातं हेच माहीत नव्हतं. 1990 च्या दशकाच्या अखेरीस म्हातारे ब्रासेरो एकत्र येऊ लागले, मोर्चे निघाले, सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय न्यायालयात खटला झाला. 2008 मध्ये तडजोड झाली आणि अमेरिकेत राहणाऱ्या पात्र ब्रासेरोंना प्रत्येकी साडेतीन हजार डॉलर द्यायचं ठरलं. पण कागद दाखवायला हवा होता. जुनं कंत्राट, पगाराची चिठ्ठी, मिका. ट्रंकेच्या तळाशी, देवाच्या तसबिरीमागे जपलेलं ते पिवळं पडलेलं कार्ड ज्याच्याकडे होतं त्याचा दावा उभा राहिला. ज्याचं कार्ड हरवलं होतं, त्याच्यापुढे सगळा मार्गच बंद.

नॅडेलच्या फोटोत त्यांचं आयुष्य होतं, पण नाव नव्हतं. मिकावर नाव होतं, आयुष्य नव्हतं. दोन्ही एकत्र यायला अर्धं शतक गेलं.

एकत्र कसे आले

नॅडेल 1990 मध्ये गेला. त्याच्या पत्नीकडून हे फोटो स्मिथसोनियनकडे आले. संग्रहालयानं ठरवलं असतं तर चांगल्या चौकटीत बसवून, खाली तज्ज्ञांचा मजकूर लावून काम संपवता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. कॅलिफोर्निया, टेक्सास आणि इतर राज्यांत फिरून त्यांनी माजी ब्रासेरोंना आणि त्यांच्या घरच्यांना बोलावलं, हे फोटो दाखवले आणि त्यांना बोलू दिलं. टेक्सास विद्यापीठाच्या एल पासो केंद्रातली मौखिक इतिहासाची संस्था, ब्राउन विद्यापीठ आणि जॉर्ज मेसन विद्यापीठाचं इतिहास केंद्र सोबतीला होतं. शेकडो मुलाखती ध्वनिमुद्रित झाल्या आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुल्या झाल्या. 2009 मध्ये इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांतलं प्रदर्शन सुरू झालं आणि पुढे गावोगाव फिरलं. त्याच्या नावात कडू आणि गोड दोन्ही होतं, आणि ते मुद्दाम होतं.

कारण मुलाखतींमधून जे आलं ते फोटोंइतकं एकसुरी नव्हतं. फवाऱ्याची, नागडं उभं करण्याची लाज बऱ्याच जणांनी सांगितली. काहींनी ती आपल्या मुलांनाही कधी सांगितली नव्हती. पण त्याच माणसांनी हेही सांगितलं की त्या पैशांतून गावात घर बांधलं, जमीन घेतली, बहिणीचं लग्न केलं, पहिला रेडिओ आणला. काहींना चांगला मालक भेटला. काहींनी छावणीत गाणी म्हटली, शनिवारी गावात जाऊन नव्या टोप्या घेतल्या. आम्हाला फक्त बिचारे म्हणून दाखवू नका, हा सूर त्यांच्या बोलण्यात ठळक आहे. टीकेसाठी काढलेल्या फोटोंवर ही त्यांच्याच तोंडून आलेली दुरुस्ती, आणि मला ती अतिशय मोलाची वाटते. तिनं फवाऱ्याचा अन्याय तसूभरही कमी होत नाही. फक्त तो सोसलेला माणूस त्या एका क्षणापेक्षा मोठा होतो.

या प्रकरणाचा खरा धडा मला इथंच दिसतो. फोटो काढणारा निघून गेल्यावर काम संपत नाही. फोटोतल्या माणसाला तो फोटो परत दाखवणं, त्याला काय वाटलं ते त्यानं सांगणं, ते टिपून फोटोसोबत ठेवणं, हा छायाचित्रणाचाच भाग आहे. नॅडेलच्या वेळी हे झालं असतं तर? योजना लवकर थांबली असती असं मी म्हणणार नाही. पण 1957 च्या वाचकाला एका माणसाची माहिती मिळाली असती, त्याचं गाव, त्याचं कर्ज, त्याची मतं. वाद फक्त ‘मजूर’ या शब्दाभोवती फिरला नसता.

आजची अडचण

आज हे जसंच्या तसं उचलता येत नाही, हेही खरं. ब्रासेरो कायदेशीर कंत्राटावर आले होते. त्यांचं नाव छापण्यात धोका होता तो मालकाच्या रागाचा. आज अमेरिकेतल्या लॅटिनो मजुरांपैकी लाखो लोकांकडे कागद नाहीत. चेहरा आणि नाव एकत्र छापलं तर इमिग्रेशनचे लोक दारात येऊ शकतात. म्हणून काळजी घेणारे छायाचित्रकार पाठमोरे फोटो काढतात, हात दाखवतात, घरातल्या वस्तू दाखवतात. हे करावंच लागतं. पण त्यामुळे आपण पुन्हा निनावी पाठींच्या रांगेकडे येतो, आणि मुद्दा तोच राहतो.

यातला मार्ग मला असा दिसतो. नाव छापू नका, पण विचारा आणि जपून ठेवा, माणसाच्या संमतीनं, वेगळ्या आणि सुरक्षित जागी. पत्ता बदलला तरी संपर्क तुटू देऊ नका. मुलाखत ध्वनिमुद्रित करा, आणि ती केव्हा उघड करायची हे त्यालाच ठरवू द्या. दहा वर्षांनी कागद मिळाले की तो कदाचित स्वतःच म्हणेल, आता माझं नाव लावा. प्रेस फोटोच्या घाईत हे बसत नाही. दीर्घ प्रकल्पात बसतं, आणि हा विषय दीर्घ प्रकल्पाचाच आहे.

दरम्यान ‘पाहुणे कामगार’ ही कल्पना पुन्हा जोरात आहे. शेतीसाठीच्या एच-2ए व्हिसाखाली आता वर्षाला तीन लाखांहून अधिक जागा मंजूर होतात. तो वाढवावा की आवरावा यावर बोलताना दोन्ही बाजू ब्रासेरो योजनेचं उदाहरण देतात; कुणी यश म्हणून, कुणी इशारा म्हणून. एल पासोजवळ सोकोरोमधल्या रिओ व्हिस्टा या ब्रासेरो केंद्राला 2023 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. नॅडेलचे फोटो आणि त्या मुलाखती ब्रासेरो इतिहास संग्रहाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता-ऐकता येतात. आधी फोटो बघा, पण तिथंच थांबू नका. स्पॅनिश येत नसेल तरी दोन-तीन मुलाखती लावून त्या म्हाताऱ्यांचा आवाज ऐका, आणि मग पुन्हा मॉन्तेरेच्या त्या हातांच्या फोटोकडे वळा.